पोच

परसोडीच्या आयटी पार्कात तिसऱ्या मजल्यावर
मी शहर बसचे ठिकाण कळवणारा कोड लिहिते.
दर दोन सेकंदांनी प्रत्येक बस
आपले अक्षांश-रेखांश हवेत भिरकावते
आणि आपल्या वाटेने जाते.
सर्व्हर जागा आहे का, विचारत नाही.
यूडीपी.

मे महिना. कूलरची टाकी कोरडी,
वाळ्याला करपल्याचा वास.
प्रणय गजभिये, नवा पोरगा, लॉग दाखवत उभा:
"मॅडम, पाचपावलीच्या पुलाजवळ नऊ पॅकेट गेले.
टीसीपी लावून टाकू ना? एकही जाणार नाही."

बरोबर आहे त्याचे.
टीसीपी आधी दार वाजवतो,
आतून ओ आली की आपणही ओ देतो,
मग एकेक चिठ्ठी, आकडा घालून.
पोच नाही आली तर तीच चिठ्ठी पुन्हा,
आणि मधली एक हरवली
तर मागच्या सगळ्या उंबऱ्यात ताटकळत,
रांग मोडायची नाही म्हणून.

पण बस तोवर पुढे गेलेली असते रे.
इंदोऱ्याच्या स्टॉपवर तोंडाला दुपट्टा गुंडाळून
जी बाई उभी आहे,
तिला अठरा सेकंद शिळी बस
कितीही खरी असली तरी कशाला हवी?
जाऊ दे ते नऊ. दहावे येऊनच राहिले आहे.
(तिकिटाचे पैसे मात्र टीसीपीनेच.
तिथे मी एक रुपया हवेत सोडत नाही.)

बाबा मिलमध्ये साचेखात्यात होते.
भोंगा व्हायचा, बेझनबागेवरून निघून जायचा,
कोण उठले, कोण तापाने पडलेले,
त्याला त्याचे काही नाही.
पोळ्याच्या पाडव्याला आम्ही पोरं
मारबतीला ओरडून सांगायचो, खोकला ने, ढेकूण ने.
तिने कधी पोच दिली नाही.
वर्षभर वाट पाहून पुन्हा ओरडायचो.

रात्री गोष्ट सांगताना मात्र बाबांना हुंकार लागायचा.
"हं म्हण वं. हं नाही त गोष्ट नाही."
माझा हं चुकला की मागचे वाक्य पुन्हा.
माझा हं लांबला की गोष्टही हळू,
राजा घोड्यावरून उतरून पायी चालायला लागायचा.
तीनदा काहीच आले नाही
की दिवा बंद.

मग साच्यांनी त्यांचे कान नेले.
आता सगळ्यालाच हं.
गोळी घेतली? हं. डॉक्टर काय म्हणाले? हं.
पोच येते, पोचत काही नाही.
हे प्रणयला अजून सांगायचे राहिले आहे,
की टीसीपीची पोचसुद्धा इतकेच म्हणते:
चिठ्ठी दाराच्या आत पडली.
कोणी उचलली का, वाचली का,
ते विचारायला वेगळा कोड लिहावा लागतो.

काल रात्री व्हिडिओ कॉल.
कॉलही यूडीपीवरच चालतो.
बाबा म्हणाले, "मी आज — नाही."
मधला शब्द गेला. ओठ हलले आणि चित्र गोठले.
जेवलो नाही? झोपलो नाही?
तो शब्द पुन्हा येणार नव्हता, करारच तसा.
"काय नाही, बाबा?"
"हं."
"बाबा, काय नाही?"
"हं."
तिसऱ्यांदा विचारले नाही. किल्ली घेतली.

अकराला दहा कमी. फाटक उघडेच.
बाबा टेबलफॅनसमोर, ताटात पोळीचा तुकडा,
म्हणजे जेवले होते.
"मशीन," ते कानाला बोट लावून म्हणाले,
"मशीन लावली नाही म्हटलं.
तेच त सांगून राहिलो होतो."

डबीतून यंत्र काढले, सेल बदलला,
त्यांच्या कानात बसवले. बारीक शिट्टी वाजली.
"येतो का आवाज?"

हं म्हणाले नाहीत.
मान दाराकडे वळवून म्हणाले,
"बाहेर पाह्य बरं. तुही गाडी पडली वाटते."

पडलीच होती.