नदी कुठून धरायची

पिंजारी साहेबांनी टेप काढला
तेव्हा देवपूरच्या पुलावर चव्वेचाळीस अंश.
टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं,
म्हणाले, मावशी, गोठ्याच्या भिंतीला टेकवून धरा,
आणि दुसरं घेऊन निघाले पांझरेकडे
डोक्यावर माझीच फाईल धरून.

नोटीस भाचीकडून वाचून घेतली होती.
सांडपाणी. विसर्ग. पशुधन घटक.
माझ्या गोठ्यात नऊ घटक आहेत.
एक घटक गाभण आहे.
एका घटकाचं नाव बिजली, तो लाथ मारतो.

तीस मीटरला बाभळी,
कुणाच्या तरी लग्नातले द्रोण.
साठला वाळू.
तिथून ते वळले आणि ओरडले, कारण वारा होता:
मावशी, नदी कुठून धरायची?

आता काय सांगू.
आखाडात ती इथे येते, या पायरीला.
एका साली गव्हाणीतून दादरचा कडबा उचलून नेला तिनं,
नवा, पाचशे पेंढी,
आणि मागे वळूनही पाहिलं नाही.
दिवाळीला ती बाभळींपलीकडे सरकते.
आज नुसती रेघ आहे, पार तिकडे,
बोटानं काजळ ओढावं तशी,
आणि खरं सांगायचं
तर त्या रेघेतलं निम्मं पाणी माझ्या गोठ्याचं.

हे मी मोठ्यानं म्हटलं नाही.

सासरे म्हणायचे, शेणानं नदी बाटत नाही.
त्यांच्या चार म्हशी होत्या
आणि नदी गळ्याएवढी.
चार म्हशींचं शेण मी थापून संपवायचे,
भिंतभर पाच बोटं उमटायची.
आता गोवरी कोण नेतं? होळी, नाहीतर मयत.
नऊ म्हशींचं मी पाइपानं ढकलते,
नाला पुढे नेतो,
नाल्याखाली इद्रीस मण्याराची विहीर.
पाण्याला वास येतो म्हणतो तो,
आणि दूध माझ्याकडूनच नेतो, अर्धा लिटर,
भांडं पुढे करताना खाली बघतो.
मीही खालीच बघते.

साहेबांनी बाटली भरली,
झाकण लावलं, नंबर टाकला.
वरच्या अंगाला रात्री काय काय सुटतं
ते मी सांगणार होते.
पण बाटली माझ्या नाल्याची होती.

एवढंच विचारलं, पाणी मोजून वापरा लिहिलंय,
या दिवसांत दोनदा भिजवली नाही
तर म्हैस जीभ बाहेर काढते, धार तुटते.
म्हैसले कागद समजस का, भाऊ?
साहेब पारोळ्याकडचे निघाले.
मालेबी समजत नही, माय, म्हणाले,
आणि चहा प्यायले,
साय बाजूला न करता.
अंतराचा रकाना तेवढा कोरा ठेवून गेले.

उन्हं कलल्यावर म्हशी सोडल्या.
वाट त्यांना ठाऊक आहे.
बिजलीमागं मी पावलं मोजत गेले,
एकशे बाराला ती थांबली.
पाणी नव्हतं तिथे, नुसती गार वाळू.
हुंगली,
चारही पाय दुमडून बसली
जशी काही बुडाली.
मी शेजारी एक दगड ठेवला.
पुढच्या वेळी कुणी विचारलं तर दाखवायला.

रात्री पाइपाच्या तोंडात गोणपाट कोंबलं.
पहाटे धार काढायला गेले तर
गोठ्यात घोट्याएवढं,
गाभण म्हैस एक पाय उचलून उभी,
माझ्याकडे बघतेय.

हातात घमेलं आहे.
उत्तरेला नदी, दक्षिणेला शाळेची भिंत,
पूर्वेला इद्रीसची विहीर.
पश्चिमेला मीच राहते.