सव्वापाचचं ऊन

शिडी लावून ती खिडकी मीच पुसतो,
ईस्टरआधी एकदा, नाताळाआधी एकदा.
खाली काचेतच अक्षरं आहेत:
बस्त्याव इनास कोरिया, बॉयलर खातं.
खातं नको, तेव्हाचे फादर म्हणाले होते,
देवळात कुणाचं खातं नसतं.
नातालीनबाय म्हणाली, त्याला हुडकायचं तर
खातं सांगावंच लागतं. कोलशेतच्या गेटवर
त्या रात्री मला तेवढंच विचारलं.

नुकसानभरपाईचे पैसे.
त्यातून तिनं छप्पर बदललं नाही, दात बसवले नाहीत.
पुण्याचा कारागीर आला, सांगत बसला:
काचेवर रंग नुसता लावून भागत नाही, बाई,
भट्टीत भाजावा लागतो, तेव्हा कुठे टिकतो.
ती उठून आत गेली.
बशीतला चहा तसाच निवला.

संत पेत्र आहे, खांद्यावर जाळं.
बस्त्यावला खाडीचं पाणी सोसायचं नाही,
अंगावर पुरळ उठायचं.
चेहरा कंपनीच्या ओळखपत्रावरून,
दाढी कारागिराच्या मनची.
डाव्या पायाची काच पोरांच्या चेंडूनं गेली,
तिथं मी माजिवड्याच्या दुकानातली
न्हाणीघराची धुरकट काच बसवली.
नातालीनबायनं निरखून पाहिलं.
म्हणाली, एकच मोजा घातल्यावाणी दिसतो.

सकाळच्या मिस्साला ऊन त्याच्यातून उतरायचं
तिसऱ्या बाकावर, तिच्या मांडीवर,
थोडं निळं, थोडं वांग्याच्या रंगाचं.
सगळे हात जोडायचे. ती उघडे ठेवायची.

मग कंपनी पाडली.
धुराडंच तीन दिवस पाडत होते.
तिथं बेचाळीस मजले उभे राहिले, काचेचे,
देवळाच्या बरोब्बर पूर्वेला.
पेत्र विझला.
मागून ट्यूबलाइट लावू, नवे फादर म्हणाले.
ती नको म्हणाली, कारण दिलं नाही.
दोन वर्षं मी विझलेलीच खिडकी पुसली.

परवा संध्याकाळी घंटेला जरा लवकर आलो
तर तिसऱ्या बाकावर ती, एकटी, चपला काढून.
मावळतीचं ऊन टॉवरवर आपटून
उलटं येत होतं, पूर्वेकडून,
आणि पेत्र उजळलेला, दाढीसकट, मोज्यासकट.
सव्वापाच वाजले होते.
जनरल शिफ्ट पाचला सुटायची.
सायकलनं दहा मिनिटं,
पाच पाववाल्याकडे.

मी दोरीला हात घातला.
तिनं मान न वळवता
तळवा वर केला.
थांब जरा.
हातपाय तरी धुऊ दे त्याला.