कुणाचा वार

सोमवार, बुधवार, शुक्रवार पुरुषांनी बाहेर पडायचं.
मंगळवार, गुरुवार, शनिवार बायकांनी.
रविवारी कुणीच नाही.
लिमाच्या टीव्हीवर जाहीर झालं तेव्हा
एदिल्बेर्तो म्हणाला, बघ, कशी समान वाटणी.
मी मसूर निवडत होते. एक खडा सापडला.

सोमवारी तो बाजारात गेला
आणि पाच वेळा फोन केला.
बटाटे कुठले, पिवळे की पांढरे?
सुपाचे वेगळे असतात का?
कोथिंबिरीची जुडी केवढी?
आईची गोळी गोल की लांबट?
सासूच्या पाठीला मलम चोळत,
फोन खांदा आणि कानात धरून
मी त्याला अख्खा बाजार फिरवून आणला.
आल्यावर म्हणाला, गर्दी अजिबात नव्हती,
उगाच घाबरतेस.

मंगळवारी रांग
कोंबडीवाल्यापासून निघून, गॅरेज, बंद शाळा ओलांडून
थेट विजेच्या खांबापर्यंत.
एकेकीच्या मुठीत तीन-तीन घरांच्या याद्या.
शिपाई ओरडला, एवढ्या सगळ्या एकदम कशाला आलात?
एउलालिया म्हणाली,
आम्हाला भूक जास्त लागते, साहेब.
इस्पितळातल्या फरशा पुसून ती रात्रपाळीवरून तशीच आलेली.
तिच्या बोटांची सालं निघाली होती ब्लीचनं.

शुक्रवारी टँकर आला.
वार पुरुषांचा.
टेकडीच्या पायऱ्यांवर बंदूक घेतलेला जवान,
माझ्या भाच्याच्या वयाचा.
त्याच्यासमोरून मी दोन बादल्या घेऊन
सहा खेपा वर, सहा खाली.
त्यानं एकदाही अडवलं नाही.
पाणी भरणारी बाई
बाहेर पडली असं धरत नसावेत.

आठ-नऊ दिवसांत नियम मागे घेतला.
बायकांच्या दिवशी गर्दी फार होते, म्हणे.

रात्री योनातान झोपला की
पलंगाशेजारी मशीन ओढायची.
खाली गोधडी, आवाज दबावा म्हणून.
एका मास्कला वीस सेंटिमो.
पंचावन्न मास्क म्हणजे अकरा सोल,
त्यातले पाच त्याच्या फोनच्या रिचार्जला,
ज्यावरून तो विचारतो, बटाटे कुठले.

जूनमध्ये कारखाना उघडला.
कापड कापणाऱ्यांना आधी बोलावलं. ते सगळे पुरुष.
एदिल्बेर्तो दाढी करून गेला, चालताना शीळ घालत.
मालकाने मला फोनवर सांगितलं,
शिलाईवाल्यांना कळवू.
आणि तुझं पोर घरी, म्हातारी घरी,
तुला तरी कुठे जमणार आहे, नेलीदा?
आवाजात खरंच काळजी होती.
मी आभार मानले.
अजूनही रात्री आठवतं, मी आभार मानले.

रविवारी गच्चीवर
म्हातारीच्या चादरी वाळत घालत होते.
पलीकडच्या गच्चीवरून एउलालियानं हाक दिली,
काय गं, आज वार कुणाचा?
माझ्या दातांत चिमटे होते दोन,
हातांत ओल्या चादरीचं टोक,
आणि वारा तिचं दुसरं टोक ओढत होता.