साडेत्रेसष्ट

म्हापशाच्या हॉलात फळ्यावर खडूनं
कायतान बार्रेटो,
आणि त्याच्यासमोर माझं नाव.
तेव्हा त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं,
बेळगावच्या एका पोराचा जबडा सोडला तर.

मी वजन दिलं. काटा बरोबर थांबला.
मग संडासाची कडी लावून बसलो,
बाहेरून सर हाका मारत होते,
आतून म्हटलं, "जोर आयला."
आमच्याकडे तापाला जोर म्हणतात.

रेफरीनं त्याचा हात वर केला,
समोर कुणीच नाही.
त्यानं ग्लोव्हजच्या नाड्या दातांनी सोडल्या
आणि एकटाच बस स्टँडकडे गेला.

पुढचं सगळं पेपरात आलं.
नागपूर, चाळीस सेकंद.
फौजेतला तो उंच सुभेदार दुसऱ्या फेरीत गुडघ्यांवर.
मग ड्रॉ लागायच्या आधीच
कुणी खाऊन खाऊन चार किलो चढवलं,
कुणी उपाशी राहून साठात उतरलं;
साडेत्रेसष्टात राहायला माणूस मिळेना.
एका वर्षी तो घाम न येता फायनलला पोचला.
आई म्हणे विचारायची,
पदक आणलंस, मग तोंड का असं?

मी खारीवाड्यावर बर्फाच्या कारखान्यात.
लाद्या फोडतो, ट्रॉलर भरतो.
काल तिन्हीसांजेला तो आला, हातात बादली,
उजवी मूठ पावासारखी फुगलेली.
मी मान खाली घालून बर्फ घातला,
जरा जास्तच.
त्यानं डाव्या हातानं सुटे मोजले, सावकाश,
आणि जाता जाता वळला:

"जोर गेलो मरे?"