फॅक्सचा रकाना

नवीन धोरण लागू : महिनाअखेर.
सीताबर्डीच्या तिसऱ्या माळ्यावर, कूलरमध्ये पाणी टाकून
मी डोमेनधारकांची नावं झाकत बसलोय.
नाव, पत्ता, मोबाइल,
जे इतकी वर्षं कोणीही, कुठूनही, फुकट वाचायचं,
तिथे आता एकच ओळ :
गोपनीयतेसाठी मजकूर लपवला आहे.

बरंच झालं.
काल डोमेन घेतलं की आज
लोनवाल्यांच्या तोंडी नाव.

दोनशे एकोणिसावी नोंद. देवाजी हेडाऊ,
गोळीबार चौक, हातमागाच्या साड्या.
फॅक्सचा रकाना नव्या धोरणात नाहीच.
काढून टाका, म्हणतं परिपत्रक.

पण देवाजीभाऊंकडे फॅक्स कधी नव्हताच.
रकाना रिकामा कसा सोडायचा, म्हणून
त्यांनी समोरच्या पीठगिरणीचा नंबर लिहून दिला होता.
आणि त्याच नंबरावर एका दुपारी
भिलाईहून फोन आला,
सतरा वर्षांपूर्वी रुसून गेलेल्या धाकट्याचा.
गिरणीवाल्यानं पट्टा थांबवून हाक मारली म्हणे,
"देवाजीऽऽ, तुमचा यादोराव बोलून राह्यला!"

परिपत्रकात रुसलेल्यांसाठी कलम नाही.
कायदेशीर कारण असल्यास अर्ज करावा,
एवढंच आहे.

बोट डिलीटवर ठेवतो. उचलतो.
साहेब जेवायला गेलेत.
नंबर लावून पाहतो,
अजून वाजतो.
मागे पट्ट्याची घरघर, कोणाचं तरी गहू पडतंय,
"हॅलो, कोण पाहिजे?"