जागा शिल्लक

फेब्रुवारीत लोक माझ्या टेबलाशी येतात
बुटांचा बर्फ दारातच आपटून,
खोक्यात वर्षभराच्या पावत्या घेऊन.
दाताचा डॉक्टर, ट्रॅक्टरचं टायर, चर्चची देणगी.
मी निवडत बसते.
बाहेर सुपीरियर सरोवर काठापर्यंत गोठलेलं.

आर्वो कंगासची पावती चार घड्यांची होती:
बंदुका ठेवायची तिजोरी, लोखंडी, चोवीस मावणारी.
"यंदा हिच्यावर करात सूट आहे म्हणे."
आहे. नव्या फॉर्मवर तिची एक ओळ आहे,
मोटारीच्या चार्जरखाली.
"बंदुका किती तुमच्याकडे?"
"दोन. एक वडिलांची, तिचा चाप अडकतो."

दोघींना चोवीस जणींचं घर!
मी हसले. तो हसला नाही.
टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला,
मग बोलला, गोठलेलं कुलूप फुंकरीने उघडावं
तसं, थांबून थांबून.

हरणांचा हंगाम संपला होता.
तो सहज गेला रस्त्यापलीकडे, डेलकडे.
रोझीन गेल्यापासून डेलने पडदे सरकवले नव्हते.
स्वयंपाकघराच्या टेबलावर रायफल.
तेलाची बाटली नाही, फडकं नाही,
नुसतीच.

कॉफी झाली. माशांबद्दल बोलणं झालं,
बर्फ किती इंच, कोणाची गाडी बुडाली.
उठताना आर्वो म्हणाला,
"अरे, तिजोरी घेतलीय मी.
सरकार पैसे परत देतंय, म्हणून मोठीच घेतली.
आत नुसता वारा हिंडतोय.
तुझ्या ठेव ना तिच्यात, बर्फ वितळेपर्यंत."
डेल बराच वेळ कपात बघत होता.
"सरकारचीच जागा असेल," म्हणाला, "तर ठेवू."

पाच निघाल्या. ब्लँकेटात गुंडाळून
दोघांनी पिकअपमध्ये नेऊन ठेवल्या,
झोपलेली पोरं उचलून न्यावीत तशा.

मी पावती उलगडून सपाट केली.
तारीख त्याच दिवसाची.
वेळ, संध्याकाळचे पाच बावन्न.
हार्डवेअरचं दुकान सहाला बंद होतं.

मी वर पाहिलं. आर्वो खिडकीकडे बघत होता.
मी आकडा त्याच्या ओळीत लिहिला,
पुढच्या पानावर गेले.

निघताना दारात तो वळला.
"मंगळवारी डेलला घेऊन येतो.
त्याला पावत्यांचं खोकं सापडत नाहीये,
रोझीन ठेवायची.
शोधतोय आम्ही."