गाळलेली ओळ

शनिवारी पहाटे,
होड्या सरोवरावरून परतल्या
आणि बोटाएवढी डगा मासळी खडकांवर पसरून झाली
की आम्ही जमतो.
अकरा घरं, एक बायबल, एक लांब बाक.
चर्च नान्सियोला, सायकलीनं अडीच तास.
फादर महिन्यातून एकदा येतात, रस्ता असेल तर.
बाकीचे शनिवार आमचे आम्ही.

बाक फिरतो,
या घरून त्या घरी, दोन खांद्यांवरून,
नवरीची पेटी नेतात तसा,
म्हणजे थांबत, कुरकुरत, वाटेतल्या सगळ्यांचे सल्ले ऐकत.
आठवडाभर ज्याच्या अंगणात असेल
त्याच्या कोंबड्या त्यावर रात्र काढतात.
म्हणून प्रार्थनेआधी मी तो कांगाच्या टोकानं पुसते.
मी पेलाजिया. या जुमुइयाची अध्यक्ष,
कारण चष्मा माझ्याकडे आहे.

मगेसाची लिओकादिया नऊ वर्षांची.
ईस्टरला तिचं पहिलं ख्रिस्तशरीर,
त्या शनिवारी तिच्या पाठांतराची पाळी.
हात पाठीमागे बांधून उभी राहिली
आणि 'हे आमच्या स्वर्गातील बापा' पासून
उतारावरच्या सायकलीसारखी सुटली.
रोजच्या भाकरीपर्यंत ठीक.
तिथून थेट उडी मोहावर.
मधली क्षमा गायब.

पुन्हा म्हण, मी म्हटलं.
पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही.
त्या जागी ती श्वाससुद्धा घेत नव्हती,
जणू तिथे कधी काही नव्हतंच.
गौडेन्सिया हसली, पोरं एकमेकांना कोपरं मारू लागली.
तिची आई हळूच म्हणाली,
बापाजवळ शिकली ती. रात्री, झोपताना.

मग कोणी हसलं नाही.
दोन वर्षं झाली,
त्या ओळीला मगेसा खोकतो.
रविवारी खोकतो, शनिवारी खोकतो, नेमका तिथेच.
मसातूनं त्याचं जाळं कापलं.
मसातू म्हणतो, इंजिनाच्या पंख्यात गुंतलं होतं,
कापलं नसतं तर होडीसकट आम्ही चौघे तळाला गेलो असतो.
मगेसा म्हणतो, हाक तरी मारायची.
दोघंही खरं बोलतात. तीच अडचण.
घरी मात्र तो खोकत नव्हता.
अंधारात खोकायचं कोणासाठी?
घरी तो ती ओळ सरळ गाळत होता
आणि लेक त्याच्या कुशीत
भोकासकट प्रार्थना पाठ करत होती.

अध्यक्ष मी. काहीतरी बोलायला हवं होतं.
पुस्तकात बोट घालून बसून राहिले.
'माझं चुकलं का?' पोरीनं विचारलं,
मला नाही, त्याला.
तो म्हणाला, 'नाही. मी शिकवलं तसंच म्हटलंस तू.'
मग चहा आला
आणि आम्ही साखरेच्या भावाबद्दल फार वेळ बोललो.

पुढचा शनिवार मसातूकडे.
बाक मगेसाच्या अंगणात.
पोरांना पाठवील, आम्हाला वाटलं.
पण टेकाडावरून बाक येताना दिसला,
पुढच्या टोकाला त्याची बायको,
मागे तो, तिच्याहून वीतभर उंच,
त्यामुळे बाक तिरका
आणि त्यावर एक कोंबडी अजून बसलेली.
कुंपणाशी त्यानं तो उतरवला.
मसातू दारात, हातात झाडू.
कोंबडीच काय ती बोलली.
मगेसा वळला आणि आला त्या वाटेनं निघून गेला.

आम्ही सुरुवात केली. भाकरीपर्यंत आलो होतो
तेव्हा तो परत आला, दोन्ही हातांत पत्र्याचे मग.
'इथे मग कमी पडतात,'
तो म्हणाला, कोणालाच नाही, मगांना,
आणि बाकाच्या टोकावर टेकला.
आम्ही थांबलो नव्हतो. ओळ आली.
मी डोळे मिटले...
खोटं कशाला बोलू, नाही मिटले.
तो खोकला नाही.
ओठ हलले,
की दातांत अडकलेला काटा त्यानं जिभेनं शोधला,
ते माझ्या चष्म्यातूनही कळलं नाही.
शेजारी लिओकादिया
आठवड्यात नव्यानं शिकलेली ओळ
सगळ्यांच्या वर आवाज चढवून म्हणत होती,
एक शब्द चुकवून.